‘जॉज’: शार्क लपवून भीती वाटते, की दाखवून?

ओहोटी (धागाकर्ता)

(पुढे कथानकातलं सगळं उघड होतं. पाहिला नसेल तर आधी पाहा, मग वाचा.)

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५ च्या ‘जॉज’ या शार्कपटाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून तो दाखवता आला नाही, आणि दिसत नाही म्हणूनच भीती वाटते. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं मला पटत नाही. जनावर लपवणारे भयपट ढिगाने आहेत आणि त्यातले बहुतेक कंटाळवाणे आहेत. अंधारात काहीतरी हललं, पानं सळसळली, कोणीतरी किंचाळलं, यातून जनावराबद्दल काहीच कळत नाही. ‘जॉज’ पहिल्या प्रसंगापासून शार्क दाखवतो. फक्त त्याचं अंग दाखवत नाही, त्याचा जोर दाखवतो.

लाकडी धक्क्याचा प्रसंग घ्या. रात्री दोघे जण मांसाचा मोठा तुकडा आकड्याला लावून पाण्यात सोडतात. आकडा साखळीला, साखळी धक्क्याला, तरंगायला टायरची ट्यूब. ट्यूब सरकायला लागते, साखळी सरसर संपते, ताण बसतो आणि धक्क्याचं टोकच तुटून वरच्या माणसासकट समुद्रात ओढलं जातं. इथे ताकद कळली. मग ते तरंगतं लाकूड थांबतं. आणि वळतं. पाण्यात पडलेल्या माणसाकडे परत येऊ लागतं. शार्कचा एक इंचही पडद्यावर नाही, पण तो कुठे आहे, केव्हा फिरला, किती वेगाने येतोय आणि त्या माणसाला किती हात मारायचे उरलेत, हे प्रेक्षकाला नेमकं कळतं.

पुढची पिवळी पिंपं म्हणजे हीच युक्ती दिवसाउजेडी. शार्क मारायला बोट घेऊन निघालेला क्विंट भाला मारतो, भाल्याला दोर, दोराला पिंप. एक पिंप लागलं की माग मिळतो. तीन लागली की जनावर खाली राहूच शकणार नाही, असा त्याचा हिशेब. आणि मग तिन्ही पिंपं पाण्याखाली जातात. त्या क्षणी क्विंटचा चेहरा बघा. अनुभवी माणसाचं गणित चुकलंय, आणि ते आपल्याला आकड्यात कळलंय: एक, दोन, तीन.

माझं म्हणणं एवढंच. ‘न दाखवणं’ म्हणून कौतुक केलं की ही सगळी मेहनत नजरेआड होते. तुमची मतं लिहा. शार्क पूर्ण दिसू लागल्यावर, म्हणजे शेवटच्या तिसऱ्या भागात, चित्रपट टिकतो का, यावरही लिहा.

खोलपाणी

बिघाडाबद्दल नेमकं लिहितो, कारण ‘बिघडला’ या एका शब्दात बरंच झाकलं जातं.

शार्क तीन होते, प्रत्येक २५ फुटी. एक पूर्ण अंगाचा, पाण्याखालच्या घसरगाडीवर बसवून बोटीने ओढायचा. उरलेले दोन एकाच बाजूने शार्क: एकाची डावी बाजू उघडी, दुसऱ्याची उजवी, आतून नळ्या आणि सांधे दिसणारे. हे दोन्ही समुद्रतळावर बुडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या हाताला जोडलेले असायचे आणि दाबलेल्या हवेवर हलायचे. शार्क डावीकडून उजवीकडे जाणार की उलट, यावर कोणता वापरायचा ते ठरे. कॅमेरा चुकून दुसऱ्या बाजूला सरकला तर शॉट वाया. सांगाड्याच्या हाताची पोच संपली की शार्कही संपला.

खाऱ्या पाण्याने यंत्रणा गंजायची, पाणी शोषणार नाही असं समजलेला कातडीचा फोम पाणी पिऊन फुगायचा, घसरगाडीवाला शार्क समुद्री गवतात अडकायचा. शिवाय चित्रीकरण टाकीत नव्हतं, मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ खुल्या समुद्रात होतं. क्षितिजावर एखादं शिडाचं जहाज आलं की ते जाईपर्यंत थांबायचं, कारण शार्कमागे बोटीने निघालेल्या तिघांच्या (पोलीसप्रमुख ब्रोडी, शास्त्रज्ञ हूपर आणि क्विंट) मदतीला आसपास कोणी नाही ही गोष्टीची गरज होती. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं आणि सुमारे ४० लाख डॉलरचा खर्च ९० लाखांवर.

पण पिंपं ही काही आयत्या वेळची पळवाट नव्हती. पीटर बेंचली यांच्या १९७४ च्या कादंबरीतही ती आहेत. बिघाडामुळे त्यांच्यावरचा भार वाढला, एवढंच. पिंप पाण्याखालून दोराने ओढता येतं, हवं तेव्हा बुडवता येतं आणि ते गंजून बंद पडत नाही.

कट-टू-कट

ओहोटी, तुमच्या मुद्द्याला संकलनाच्या बाजूने जोड देते. व्हर्ना फील्ड्स यांना या चित्रपटासाठी संकलनाचं ऑस्कर मिळालं (संगीत आणि ध्वनी धरून एकूण तीन). किनाऱ्यावरचा प्रसंग थांबवत थांबवत पाहा.

ब्रोडी वाळूत बसलाय, नजर पाण्यावर. लोक त्याच्यासमोरून जातात आणि नेमका त्यांच्या अंगाचा आडोसा वापरून कट मारलाय. माणूस पडदाभर झाला की पुढच्या शॉटमध्ये आपण ब्रोडीच्या आणखी जवळ. कट दिसत नाही, फक्त आपण आवळले जातोय असं वाटतं. मधे दोन फसवे इशारे: पाण्यातून वर येणारं काळं डोकं पोहण्याची टोपी घातलेल्या म्हाताऱ्याचं निघतं, किंचाळणारी मुलगी मित्राने खांद्यावर उचललेली असते. मग कुत्रा. मालक हाका मारतोय आणि पाण्यावर फक्त काठी तरंगतेय. इथे कोणी किंचाळत नाही, म्हणून हा इशारा खरा. त्यानंतर पिवळ्या गादीवरचा मुलगा.

आणि मग तो ब्रोडीचा प्रसिद्ध शॉट. कॅमेरा रुळांवरून पुढे जातो आणि त्याच वेळी झूम मागे येतो. चेहरा तेवढाच राहतो, मागचं सगळं लांब पळाल्यासारखं ताणलं जातं. ही करामत आधीही वापरली गेली होती, पण इथे ती योग्य माणसावर आणि योग्य क्षणी पडलीय. किनारा बंद करायचं ठरवून दबावापुढे माघार घेतलेला माणूस तो. बाकी लोक हल्ला बघतात, तो स्वतःची चूक बघतो.

शेवटच्या भागाबद्दल: स्पीलबर्ग यांनी सांगितलं आहे की एखाद्या शॉटमध्ये शार्क ३६ चौकटींपर्यंत (फ्रेम) खरा वाटे आणि ३८ चौकटींवर खोटा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फरक एका सेकंदाच्या बाराव्या भागाचा. फील्ड्स यांचं काम तिथे आहे.

शेवटची रांग

विरुद्ध मत नोंदवतो. पहिले दोन तृतीयांश निर्दोष, याला हरकत नाही. पण शार्क बोटीच्या मागच्या भागावर चढून येतो तिथे माझी भीती संपते. प्रकाश भरपूर, अंतर कमी आणि शॉट लांब. खालचा जबडा उघडतो-मिटतो तो बिजागरीवर, गाल हलत नाहीत. खऱ्या शार्कचा वरचा जबडा चावताना कवटीपासून सुटून पुढे येतो, इथे तो जागचा हलत नाही. ३६ चौकटींची शिस्त इतका वेळ पाळली, ती नेमकी इथे सोडली.

दुसरी गोष्ट. मच्छीमार बेन गार्डनरच्या फुटक्या बोटीतून त्याचं डोकं बाहेर येतं तो दचका नंतर वाढवलेला आहे, फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध घालून. स्पीलबर्ग यांनीच सांगितलंय की त्या दचक्यानंतर प्रेक्षक सावध झाले आणि पुढे ब्रोडीच्या मागे शार्क वर येतो तेव्हाची किंचाळी आधीच्या खेळांपेक्षा निम्मी झाली. एक स्वस्त दचका घेऊन महागडा गमावला. ते डोकं आज काढता आलं तर मी काढीन.

कट-टू-कट

@शेवटची रांग, डोक्याबद्दल सहमत. शिवाय त्या जागी हूपरला भोकात शार्कचा दात सापडतो, तोच पुरेसा होता. डोकं बघून त्याच्या हातून दात सुटतो, आणि मग महापौराला दाखवायला पुरावा उरत नाही, म्हणून कथेला काहीतरी हवं होतं हे मान्य. पण दात सुटायला दुसरं कारण देता आलं असतं.

निषाद

संगीताबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सगळे ‘दोन सुरांची धून’ म्हणतात. ते सूर ई आणि एफ. पांढरी एक सा धरली तर शुद्ध ग आणि शुद्ध म, मधे अर्ध्या सुराचं अंतर. जॉन विल्यम्स यांनी धून बदलत न नेता फक्त लय आणि जोर बदलला आहे. सुरुवातीला दोन सुरांमध्ये मोठी फट, मग ती आवळत जाते. म्हणजे ओहोटी म्हणतात तेच: लय म्हणजे अंतराचं माप. प्रेक्षक कानाने मोजतो की जनावर किती जवळ आलं.

पण खरी हुशारी ही धून कुठे वाजत नाही यात आहे. सुट्टीच्या गर्दीत पाण्यावर पर दिसतो, पळापळ होते, आणि ती दोन पोरं पुठ्ठ्याचा पर घेऊन निघतात. तिथे धून नाही. लक्ष देणाऱ्या कानाला कळतं की हे खोटं आहे. असं करून चित्रपट एक नियम शिकवतो: धून असेल तर शार्क आहे, नसेल तर नाही. आणि तो नियम पक्का झाल्यावर मोडतो. ब्रोडी बोटीच्या मागे उभा राहून रक्तमांसाचा चारा पाण्यात टाकतोय, चिडून बोलतोय, संगीत पूर्ण बंद, आणि शार्कचं डोकं वर येतं. सुमारे १२४ मिनिटांच्या चित्रपटात हे साधारण ८१ व्या मिनिटाला घडतं. म्हणून, शेवटची रांग, डोक्याच्या दचक्याने त्या किंचाळीचा आवाज कमी केला असेल, पण धक्का टिकून आहे, कारण तो कानाच्या विश्वासाला बसलेला आहे.

आणखी एक. शेवटी शार्कचं उरलेलं धड बुडत जातं तेव्हा खोलवर एक गुरगुरल्यासारखा आवाज येतो. स्पीलबर्ग यांच्या १९७१ च्या ‘ड्युएल’मध्ये ट्रक दरीत कोसळतो तेव्हाही तोच आवाज वापरला आहे.

मोरपंखी

एक शंका. पिंपांचं गणित खरंच जमतं का? तीन पिंपं घेऊन मासा खाली जाईल?

खोलपाणी

@मोरपंखी, ढोबळ हिशेब करू. पिंप शंभर लिटरचं धरा. पूर्ण बुडालं की शंभर-एक किलो खारं पाणी बाजूला सारतं. पिंपाचं स्वतःचं वजन १२-१५ किलो वजा केलं की एका पिंपाची वर ओढ ८५-९० किलो. तिघांची मिळून २६० च्या आसपास. पिंप कडक असल्यामुळे ही ओढ खोलीबरोबर वाढत नाही. पिंप एकदा पूर्ण बुडालं की दहा फुटांवर जेवढी, तेवढीच शंभर फुटांवर.

शार्कला हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं यकृत आणि छातीच्या परांवर मिळणारी उचल यांवर तो तरंगतो. म्हणजे पिंपं खाली ओढायची तर त्याला वेग लागतो. पोहत असेल तोवर तीन पिंपं खाली नेणं त्याला शक्य आहे, पण पिंपांचा पाण्याशी होणारा अवरोध मोठा असल्यामुळे थकवा लवकर येईल, आणि वेग कमी झाला की पिंपं त्याला वर खेचू लागतील. क्विंटचं गणित दमलेल्या माशासाठी बरोबर आहे. हा मासा दमलेला नाही, एवढीच माहिती त्या प्रसंगातून द्यायची आहे.

मत्स्यगंधा

जीवशास्त्राच्या बाजूने. धाग्याच्या विषयाला धरूनच लिहिते, कारण चित्रपटातलं खरं-खोटं वेगळं केल्याशिवाय भीती कुठून येते ते कळत नाही.

आकार: खात्रीने मोजलेले सर्वांत मोठे ग्रेट व्हाइट (चित्रपटातल्या शार्कची जात) सहा मीटरच्या आसपास, वजन साधारण दोन टन. इतक्या मोठ्या नेहमी माद्या असतात, चित्रपटात सगळे ‘तो’ म्हणतात. हूपर वीस फूट म्हणतो, क्विंट दुरुस्ती करतो: पंचवीस फूट, तीन टन. पंचवीस फूट म्हणजे ७.६ मीटर, सहा मीटरच्या १.२७ पट. लांबी इतकी वाढली की वजन तिच्या घनाने वाढतं, म्हणजे दुपटीच्या जरा वर. तेव्हा चार टन तरी हवेत. क्विंटचा अंदाज कमीच आहे.

वागणूक: एकच जनावर एका किनाऱ्याला चिकटून माणसं खात राहतं, या कल्पनेला आधार नाही. ग्रेट व्हाइट लांबलांबचे प्रवास करतात, आणि माणसावरचे बरेच हल्ले एका चाव्यात संपतात. सूड घेणं, बोटीवर राग धरणं हे सगळं मानवी. मात्र १९१६ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आणि खाडीत बारा दिवसांत पाच जणांवर हल्ले झाले, चार दगावले. ब्रोडी महापौराला सांगतो तो आकडा हाच. त्यांतले तीन हल्ले समुद्रापासून आत असलेल्या मॅटवान खाडीत झाले. तिथे ग्रेट व्हाइटपेक्षा बुल शार्कवर संशय घेणारे अभ्यासक आहेत, कारण तो गोड्या पाण्यातही राहतो. चित्रपटातल्या खाडीच्या प्रसंगात ही आठवण स्पष्ट आहे.

बरोबर काय आहे तेही सांगते. मारलेल्या टायगर शार्कच्या पोटातून गाडीची नंबरप्लेट निघते, ते पटण्याजोगं आहे, तो शार्क काहीही गिळतो. चाव्याच्या रुंदीवरून हूपर हा तो मासा नाही असं म्हणतो, तेही योग्य. क्विंट सांगतो की चावताना डोळे पांढरे होतात, तेसुद्धा निरीक्षणाला धरून आहे. ग्रेट व्हाइटला डोळ्यावर ओढायचा पडदा नसतो, म्हणून तो डोळा मागे फिरवतो.

हूपर पिंजऱ्यातून पाण्यात उतरतो त्या प्रसंगातला खरा शार्क ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलरी टेलर यांनी चित्रित केला. तो १४ फुटांच्या आसपासचा होता. तो पंचवीस फुटी वाटावा म्हणून छोटा पिंजरा आणि कमी उंचीचा स्टंटमन वापरला. एकदा पिंजरा रिकामा असताना शार्क त्याच्या दोरांत अडकला आणि असा धुमसला की ते चित्रण टाकून देणं अशक्य होतं. पण रिकामा पिंजरा दाखवायचा तर हूपर आधीच निसटलेला हवा. कादंबरीत तो मरतो, चित्रपटात वाचतो, त्यामागे हा मासा आहे.

शेवटची रांग

@मत्स्यगंधा, हे वाचून माझा आक्षेप आणखी पक्का झाला. खऱ्या माशाची शेपूट बघा: संपूर्ण मागचं अंग वाकतं आणि त्या वाकण्यातून डोकं दिशा घेतं. यांत्रिक शार्कमध्ये डोकं आणि शेपूट वेगवेगळे हलतात. दोन्ही प्रकार एकाच प्रसंगात कापून लावले की डोळ्याला फरक जाणवतो.

ओहोटी (धागाकर्ता)

@शेवटची रांग, फरक जाणवतो, हे मान्य. तरी बोटीवरच्या त्या प्रसंगात मी शार्ककडे बघतच नाही. बोट मागून बुडतेय, फळ्यांचा उतार वाढतोय आणि क्विंट पाय रोवूनही घसरतोय. पुन्हा तेच माप: उतार किती, हाताची पकड किती. जबडा रबरी आहे, उतार खरा आहे.

सुकाणू

क्विंट ‘इंडियानापोलिस’ या बुडालेल्या युद्धनौकेची आठवण सांगतो, त्या कथनाबद्दल लिहायलाच हवं. चित्रपटातली सर्वांत भीतिदायक मिनिटं ती, आणि त्यात फक्त क्विंट झालेले रॉबर्ट शॉ बोलतात. पूर्वदृश्य (फ्लॅशबॅक) नाही, एकही शार्क नाही. आधी क्विंट आणि हूपर हसत हसत जखमांचे व्रण दाखवतात, मग ब्रोडी पुसून टाकलेल्या गोंदणाबद्दल विचारतो आणि हसू थांबतं.

तपशिलात एक चूक आहे. क्विंट २९ जून १९४५ म्हणतो, प्रत्यक्षात युद्धनौका ३० जुलैला बुडाली, अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवल्यानंतर, ग्वामहून फिलिपाइन्समधल्या लेतेकडे जाताना. वाचलेल्यांचा ३१६ हा आकडा मात्र अचूक. पाण्यात पडलेले सगळे शार्कनी खाल्ले असा समज या कथनामुळे पसरला. तहान, ऊन, जखमा आणि खारं पाणी पिणं यांनी पुष्कळ जण गेले.

पण बघा, इथेही मोजणीच आहे. किती उतरले, किती वाचले, दर तासाला किती. ओहोटींचा मुद्दा मला या प्रसंगात सर्वांत जास्त पटला.

मोरपंखी

आणि शेवटचा स्फोट? शार्कच्या जबड्यातलं पाणबुड्याचं हवेचं नळकांडं ब्रोडीची गोळी लागून असं फुटेल?

खोलपाणी

@मोरपंखी, नाही. त्यात दाबलेली साधी हवा असते, साधारण २०० बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २०० पट) आसपास, आणि ती पेटत नाही. गोळी धातूच्या आरपार गेलीच तर भोकातून हवा फवाऱ्यासारखी सुटेल आणि नळकांडं अग्निबाणासारखं फेकलं जाईल. माशाच्या जबड्याची नासाडी होईल, पण चिंधड्या नाहीत. बेंचली यांनाही हा शेवट मान्य नव्हता.

तरी पटकथेने तयारी नीट केलीय. आधी ब्रोडी चुकीचा दोर ओढतो, नळकांडी गडगडतात आणि हूपर ओरडतो की दाबलेली हवा आहे, स्फोट होईल. ब्रोडी ज्या पुस्तकात शार्कची चित्रं बघत असतो त्यातही जबड्यात नळकांडं धरलेला शार्क आहे. विज्ञान चुकलं, पण काही आकाशातून पडलं नाही.

मत्स्यगंधा

एक भर. बेंचली यांनी पुढचं आयुष्य बरंचसं शार्कच्या संरक्षणासाठी दिलं आणि आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर हे पुस्तक लिहिता आलं नसतं, असं ते म्हणत. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये ग्रेट व्हाइटला संरक्षण दिलं. जगभरात विनाकारण झालेल्या हल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात, आणि मासेमारीत मरणारे शार्क दहा कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. ‘चित्रपट फारच परिणामकारक’ असं म्हणताना हा परिणामही धरायला हवा.

ओहोटी (धागाकर्ता)

@मत्स्यगंधा, धरायलाच हवा, आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाणारा आहे हे मला दिसतंय. शार्क धूसर ठेवला असता तर लोक चित्रपटाला घाबरले असते. इतकं मोजून दाखवल्यामुळे ते समुद्राला घाबरले.

पुन्हा बघणार असाल तर धक्क्याचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. ट्यूब हलल्यापासून माणूस फळ्यांवर चढेपर्यंत लाकडाकडेच नजर ठेवा. निषाद, तुमच्या धुनीशिवायही ते लाकूड वळतं तेव्हा पाय आपोआप वर घेतले जातात.